शत्रूचा सेनानी हेरून मारला, ही बातमी पारखायची कशी

अशी बातमी आली की पहिल्या तासाभरात दोनच आवाज ऐकू येतात: ‘बरं झालं, गेला एकदाचा’ आणि ‘हा सरळसरळ खून आहे’. मी युद्धाचे कायदे शिकवते आणि वर्गात दोन्ही बाजूंना आधी थांबायला सांगते. कोणता प्रश्न आधी विचारायचा, यावर सगळा निवाडा अवलंबून असतो. ‘तो किती वाईट होता’ हा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

सुरुवात इथून करा: त्या दोन पक्षांत युद्ध चालू होतं का? नसेल, तर जीव घेण्यासाठी फार भक्कम कारण लागतं. हल्ला अगदी तोंडावर आलेला असावा आणि तो थांबवायला दुसरा उपाय उरलेला नसावा. 3 जानेवारी 2020 रोजी बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना ड्रोनने मारलं, तेव्हा हेच कारण पुढे केलं. अशा हत्यांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या विशेष प्रतिवेदक अ‍ॅग्नेस कॅलामार्ड यांनी मात्र ती हत्या बेकायदा ठरवली. सरकार असं कारण देईल तेव्हा विचारा, हल्ला कुठे होणार होता, कोणावर, कधी? उत्तर मिळेपर्यंत माझं मत विरोधातच राहतं.

युद्ध चालू असेल तर मारला गेलेला माणूस नेमकं काय काम करत होता ते बघा. इथे जरा रेंगाळा, कारण गफलत इथेच होते. दुसऱ्या महायुद्धात, 18 एप्रिल 1943 रोजी, जपानचे अ‍ॅडमिरल यामामोतो पॅसिफिकमधल्या रबौल या जपानी तळावरून पुढच्या तळांच्या पाहणीला निघाले होते. अमेरिकनांनी त्यांच्या दौऱ्याचा सांकेतिक संदेश आधीच फोडला होता. ग्वादलकनाल बेटावरून गेलेल्या अमेरिकी पी-38 लढाऊ विमानांनी त्यांचं विमान बूगनव्हिल बेटावर पाडलं. मोहिमेचं नावच होतं ‘व्हेंजन्स’, म्हणजे सूड, आणि मनात 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर केलेला हल्ला होता. तरीही मी ही कारवाई योग्य मानते. यामामोतो गणवेशात होते, लष्करी विमानात होते आणि जपानच्या संयुक्त आरमाराची सूत्रं त्यांच्याच हाती होती. सूड म्हणून ती कारवाई टिकत नाही, पण युद्ध चालवणाऱ्या सेनानीवरचा हल्ला म्हणून टिकते. तेच यामामोतो शरण आले असते किंवा जखमी होऊन पडले असते, तर पर्ल हार्बरचं कारण सांगून गोळी घालता आली नसती. शिक्षा द्यायची तर खटला चालवावा लागतो.

मारण्याची रीतही तपासा. दबा धरणं, अचानक गाठणं चालतं. शरण आल्याचं सोंग घेऊन किंवा रेडक्रॉसच्या चिन्हाआड लपून मारणं चालत नाही. युद्धाच्या रीतींबद्दलच्या 1907 च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांनीच विश्वासघाताने मारण्यावर बंदी घातली आहे.

आता सगळ्यात जड प्रश्न: आजूबाजूला कोण होतं? जुलै 2002 मध्ये इस्रायलने हमासच्या लष्करी शाखेचा प्रमुख सालाह शहादे याला मारण्यासाठी गाझा शहरातल्या दाट वस्तीतल्या घरावर रात्री एक टनाचा बॉम्ब टाकला. त्याच्याबरोबर डझनाहून जास्त नागरिक गेले, त्यांत कितीतरी मुलं होती. लक्ष्य वैध होतं हे मला मान्य आहे. पण माणसं घराघरांत झोपलेली असतात त्या वेळी तिथे एवढा बॉम्ब टाकणं मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही. म्हणून बातमी वाचताना हत्यार, वेळ आणि जागा या तिन्ही गोष्टी शोधा. ‘अचूक हल्ला’ या शब्दांवर विसंबू नका. नेम अचूक असला तरी स्फोट शेजारच्या भिंतीपाशी थांबत नाही.

पुढे काय झालं, हेही मोजा. मे 1942 मध्ये प्रागमध्ये बडा नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि जूनमध्ये नाझींनी सूड म्हणून लिदित्से हे चेक गाव उद्ध्वस्त केलं. त्या क्रौर्याचा दोष नाझींचाच. तरी असा हुकूम देणाऱ्याने आधी विचारायला हवं की सूड कोणावर उगवला जाईल आणि मेलेल्याच्या जागी कोण येईल.

शेवटी, कारवाई करणाऱ्याने स्वतःची चौकशी केली का ते पाहा. 2006 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक हल्ल्यामागे खात्रीची माहिती हवी, अटक शक्य असेल तर अटकच करावी आणि नंतर स्वतंत्र चौकशी व्हावी, असं सांगितलं. शहादे प्रकरणाचा चौकशी अहवाल यायला 2011 उजाडलं. तेव्हा बातमीची तारीख टिपून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा शोधा: चौकशी झाली का, कोणी केली आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला का?