आजीच्या पाटल्या मोडण्याआधी

बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत मी कामाला बसले तेव्हा मेस्त्रींनी तीन महिने मला मूस आणि फुंकणीला हात लावू दिला नाही. काम एकच. गिऱ्हाईक जुना डाग, म्हणजे दागिना, घेऊन आलं की तो हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा आणि दिसेल ते वहीत लिहायचं. मणी किती, खडे किती, त्यातले हलतात किती, कडी मूळची की मागाहून लावलेली, डाक, म्हणजे धातूचा सांधा, कुठं दिलाय आणि कशाचा दिलाय. तेव्हा मला वाटायचं, हे काय शिकणं झालं? आज अकरा वर्षांनी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले तीन महिने हीच वही देते.

जुन्या दागिन्यांचं नवं घडवून द्यायच्या कामात येऊ पाहणारे बहुतेकजण हल्ली कॅड, म्हणजे संगणकावरचं आरेखन, शिकून येतात. राइनो या सॉफ्टवेअरमध्ये झकास अंगठी काढतात. मेणाचा साचा निघाला की त्याच्या वजनाच्या सतरा-अठरा पट २२ कॅरेट सोनं लागणार, हा हिशोबही त्यांना तोंडपाठ असतो. ते सगळं लागतंच. पण नवा डाग घडवणाऱ्याला सोनं लगडीतून मिळतं आणि आपल्याला ते कुणाच्या तरी गळ्यातून, हातातून मिळतं. त्यात आधीच्या सोनाराचे निर्णय असतात, दुरुस्त्या असतात, कधी लबाडीही असते. ते वाचता आल्याशिवाय मोडायला घ्यायचं नाही. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याच्याच पोटातलं.

आधी बोलण्याचं सांगते. आपल्याकडे मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. 'मोडायचं का?' असं मंगळसूत्राबद्दल विचारलंत तर समोरची बाई डबी मिटून उठेल, आणि तिचं बरोबरच असेल. मी 'नवीन करून घेऊ या' म्हणते. बेळगावात बसायचं तर कन्नडही हवं. चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगलकडची माणसं 'हळे बंगार' म्हणजे जुनं सोनं आणतात, तूक म्हणजे वजन विचारतात, मंगळसूत्राला ताळी म्हणतात. घरात आई मराठी आणि वडील कन्नड असले तर एकाच डब्यातून डोरलं निघतं आणि चांदीची करडिगीही. करडिगी म्हणजे लिंगायतांची गळ्यातली डबी, तिच्यात इष्टलिंग असतं. ती दुरुस्तीला आली तर लिंग त्यांनी स्वतः काढून ठेवलंय ना, हे विचारूनच हात लावायचा. वहीची पावती ज्याला जी भाषा वाचता येते तिच्यात द्या. मी दोन्ही छापून घेतल्यात.

आता पाटल्यांची गोष्ट, कारण शिकण्यासारखं सगळं तिच्यात आहे.

दिवाळीच्या आधी खानापूरकडच्या एक आजी नातीला घेऊन आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा, डब्यात मऊ झालेलं लुगड्याचं फडकं, फडक्यात पाटल्यांची जोडी. "चार तोळ्याच्या आहेत, माझ्या सासूच्या," म्हणाल्या. काट्यावर ४६.३१० ग्रॅम भरलं. नात बंगळूरला नोकरी करते, तिनं लगेच हिशोब केला, "आजी, साडेचार तोळे भरले की!" आजींचा चेहरा फुलला.

नवा माणूस इथंच चुकतो. तो हसून मान डोलावतो. पण आजी खोटं बोलत नव्हत्या आणि वजन वाढलंही नव्हतं. त्यांचा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. आपण आता १० ग्रॅमला तोळा म्हणतो. जुन्या हिशोबानं चार तोळे म्हणजे ४६.६६, त्यातून वापरानं झिजलं ते वजा करा, बरोबर जमतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की पाटल्या लाखेवरच्या होत्या. नखानं टिचकी मारली की भरीव सोन्याचा आणि लाख भरलेल्याचा आवाज वेगळा येतो. हे कानाला शिकवावं लागतं, महिनाभर रोज मारून बघितलं की कळतं. मी तिथल्या तिथं सांगितलं, "आजी, आत लाख आहे. सोनं किती ते लाख काढल्यावर कळेल, आणि ते तुमच्यासमोर काढू." लाख असल्याचं मोडण्याआधी सांगितलं तर ती माहिती असते. मोडल्यावर सांगितलं तर तो संशय होतो.

दोघींना भट्टीजवळ स्टूल दिलं. मळसूत्र सोडवून बाजूला ठेवलं. आतल्या कडेला बारीक करवतीनं चीर दिली आणि मऊ आचेवर पाटली धरली. आधी वास येतो, राळेसारखा, थोडा गोडसर. मग चिरेतून काळपट तांबडी लाख थेंब थेंब ताटलीत पडायला लागते. शेवटी राहतो पत्रा, कागदासारखा हलका. जोडीचं वजन ३३.८७० आलं. आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं हलकं हातात घालून मी चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या." मी काहीच बोलले नाही. अशा वेळी बोलू नये, आकडा लिहून वही पुढं करावी.

वितळवून लगड केली, ३३.६४० भरली. चिकटलेली लाख आणि मळ जळून गेला तो २३० मिलिग्रॅमचा घट. टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोनं किती ते, काढला तर ८४.० आला. मशीनवर टंच नेहमी वितळवल्यानंतरच्या लगडीचा काढायचा, कारण ते मशीन वरचा पातळ थर तेवढा वाचतं. वर मुलामा असेल किंवा तिथंच डाक असेल तर डागावर घेतलेला आकडा फसवतो. कसोटीच्या दगडावरही एका जागी ओढून भागत नाही, कडी, पत्रा आणि मणी वेगवेगळे ओढून बघा.

नातीला २२ कॅरेटचं कडं हवं होतं. आजींची अट वेगळी. "सासूनं घातलेलं सोनंच हिच्या हातात जाऊ दे. बाजारातलं दुसरं नको." तीन वाटा होत्या आणि तिन्ही मी कागदावर मांडल्या. ८४ च्या सोन्यात शुद्ध सोनं मिसळून ९१६, म्हणजे २२ कॅरेट, करायचं तर तीस-एकतीस ग्रॅम शुद्ध सोनं घालावं लागतं, म्हणजे एकूण सोनं जवळजवळ दुप्पट होतं. अंदाजानं कुणी 'चार-पाच ग्रॅम टाकू' म्हणेल, म्हणून हे गणित स्वतः करा. दुसरी वाट गाळून घ्यायची. त्यातून शुद्ध सोनं निघून २२ कॅरेटचं साधारण ३०.८ ग्रॅम होतं. पण गाळायला दिलेलं सोनं बहुधा इतरांच्या सोन्यात जातं, परत मिळतं ते तुमचंच असेल असं नाही. तिसरी वाट सोनं आहे तसं ठेवायची. हॉलमार्कच्या दर्जांत २० कॅरेटही आहे, म्हणजे ८३३. आपलं सोनं ८४० आहे, डाकही त्याच कसाचा केला तर खाली घसरत नाही. बाहेरचं सोनं गुंजभरही घालायला नको.

आजींनी तिसरी वाट धरली. नातीनं थोडं कुरकुरून मान हलवली.

'तेच सोनं' हे शब्द आपल्या तोंडातून गेले की ते पाळायचे. त्या गिऱ्हाइकाची मूस वेगळी, कानशीखालचं ताट वेगळं, कीस वेगळ्या पुडीत. पाळता येणार नसेल तर सुरुवातीलाच सांगा की सोनं गाळायला जाईल आणि तेवढ्याच कसाचं परत येईल. त्यातही काही वाईट नाही, बरेचजण आनंदानं हो म्हणतात. जमिनीवरचा केर वर्षाकाठी झारेकरी नेतात आणि त्यातून सोनं धुऊन काढतात. पण गिऱ्हाइकाच्या पुडीतला कीस हा केर नव्हे.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. मोहनमाळेचं सोनं होतं, एका ताईंच्या आईचं. त्याची बांगडी करायची होती. माळेच्या फाशाजवळ करड्या रंगाचा एक ठिपका दिसत होता. वहीत मी लिहिलंही, 'फाशाशी करडा ठिपका', आणि पुढं विचार केला नाही. कुणीतरी कधीतरी ती माळ कथलाच्या डाकानं जोडली होती. शिसं मिसळलेला तो डाक सोन्यासोबत मुशीत गेला. लगड दिसायला पिवळीधमक. पत्रा ओढायला रोलमध्ये घातली आणि दुसऱ्याच फेरीला कडेनं चिरा पडल्या. पुन्हा वितळवली, पुन्हा चिरा. शिशाचा कणभर अंशही सोन्याला ठिसूळ करतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ठिपका बघून हात थांबणं यातलं अंतर त्या दिवशी कळलं. सगळं सोनं गाळायला द्यावं लागलं. ताईंना फोन न करता घरी गेले आणि समोर बसून सांगितलं. गाळणावळ आणि घट मी सोसला, पण 'आईचं तेच सोनं' मी परत देऊ शकले नाही. करडा डाक दिसला की तो भाग आधी कापून बाजूला काढायचा, काही झालं तरी.

डाकाबद्दल आणखी एक. के.डी.एम. म्हणून जो डाक चालायचा त्यात कॅडमियम असतं. ते तापलं की त्याचा धूर फुफ्फुसाला घातक. जुना डाग तापवताना आत कुठला डाक आहे हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून धूर ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय आच लावू नका. ही गोष्ट तरी उद्यावर टाकू नका.

टंच काढताना डागाचं वय विचारा. आमच्याकडे कधी कधी १४ कॅरेटचा डाग येतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आजोबांना सोनारानं फसवलं. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा १४ कॅरेटच्या वरचे नवे डाग घडवायला बंदी होती. ती अट काही वर्षांनी उठली, पण १९६८ चा कायदा १९९० पर्यंत होता. त्या काळात कितीतरी सोनारांचा धंदा बसला. त्या वर्षांतल्या लग्नाचा डाग असेल तर हलका कस म्हणजे फसवणूकच, असं धरू नका. हे सांगितल्यावर एका काकांच्या मनातली पन्नास वर्षांची अढी गेलेली मी पाहिलीय.

खड्यांचं थोडक्यात. मोती आणि पोवळं आगीजवळ नेऊ नका, आम्लात बुडवू नका. पाचूत बहुधा तेल मुरवलेलं असतं, तो थरथरणाऱ्या मशीनमध्ये धुतला की आतल्या चिरा उघड्या पडतात. साजातले, ठुशीतले लाल खडे सगळे खाणीतली माणकं नसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कारखान्यात केलेलं माणिक मिळतं, तेव्हा पणजीच्या डागातही ते असू शकतं. पावतीवर 'माणिक' लिहू नका, 'लाल खडा' लिहा. उलट जुन्या नथीतले वेडेवाकडे, पिवळसर मोती टाकाऊ समजू नका. ते बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती असू शकतात. क्ष-किरणाची तपासणी झाल्याशिवाय बदलायचे नाहीत.

काही डाग मोडूच नयेत, आणि तसं सांगणं हा आपल्या कामाचा भाग आहे. मजुरी बुडते, बुडू द्या. हातानं ठोकलेल्या जुन्या बुगड्या, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साजाची पूर्ण पानं, राणीच्या छापाची गिनी. ठोक्याचं असं काम करणारे हात आता कोल्हापूरच्या गुजरी या सराफपेठेतही शोधावे लागतात. बुगडी कुणी घालत नसेल तर जोडीची दोन पेंडंटं होतात, मागं बारीक कडी लावायची, मूळ नगाला कानसही लागत नाही. पोहेहाराची पानं तीन बहिणींत वाटून तीन साखळ्यांत ओवता येतात.

बहिणी म्हटल्यावर आठवलं. डाग घेताना विचाराच, हा नक्की कुणाचा, आणि घरात सगळ्यांना माहीत आहे का? एकदा आईचे तोडे भावानं आणून दिले आणि दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी दारात उभ्या राहिल्या. नशिबानं मी अजून चीर दिली नव्हती. तेव्हापासून वारसाचा डाग आला की आठ दिवस तसाच ठेवते. ओळखपत्राची प्रत, डागाचे चारी बाजूंनी फोटो आणि सही हे तर पहिल्याच दिवशी.

शिकायचं कुठं? संस्थांचे अभ्यासक्रम आहेत, आय.आय.जी.जे. या रत्न-दागिन्यांच्या संस्थेचं केंद्र इथं कर्नाटकातच उडुपीला आहे. रत्नपारख आणि कॅड तिथं नीट शिकवतात. पण सोडवणं, लाख काढणं आणि डाक ओळखणं हे बाकावर बसूनच येतं. चांदीपासून सुरुवात करा. निपाणीच्या पलीकडे हुपरी आहे, तिथं पैंजणाच्या कामावर हात बसवून आलेली पोरं सोन्यात लवकर तयार होतात आणि चुकलं तर नुकसानही सोसवतं. कमाईचं म्हणाल तर पहिलं वर्ष-दोन वर्षं ओढाताण होते. तुळशीच्या लग्नानंतर आणि उसाची बिलं जमा झाली की काम अंगावर येतं, पावसाळ्यात हात रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत जुन्या वह्या वाचा.

आजींच्या कड्याचं राहिलं. नातीनं साधं कडं मागितलं होतं, नक्षी नको म्हणाली. फासा काय लावायचा असा प्रश्न आला तेव्हा मला डबीत ठेवलेलं पाटलीचं मळसूत्र आठवलं. आटे थोडे झिजले होते, ते साफ करून तेच नव्या कड्याला बसवलं. कडं न्यायला दोघी आल्या. आजींनी डोळे न उघडता मळसूत्र फिरवून बघितलं, उलट्या बाजूला. त्या पाटल्यांचं मळसूत्र उलटं फिरायचं, हे वहीत लिहिलेलं होतं म्हणून मी ते तसंच ठेवलं होतं.