सायडरमध्ये गॅस किती झाला, कसं ओळखाल?

घरच्या सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसात, गॅस किती धरलाय ते काचेच्या बाटलीवरून कळत नाही, आणि जास्त झाला तर बाटली फुटते. म्हणून एक बाटलीभर सायडर सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरा.

१. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) १.००० किंवा त्याखाली येऊन तीन-चार दिवस तिथेच थांबला की लिटरमागे ६ ग्रॅम साखर विरघळवून सगळ्या बाटल्या भरा. घाई इथेच नडते.
२. प्लास्टिकची बाटली दाबून, आतली हवा काढून झाकण घट्ट लावा. चेपलेली दिसेल, दिसू द्या.
३. रोज चिमटून बघा. फुगून टणक झाली, की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये.

काच मात्र बिअर किंवा शॅम्पेनच्या बाटलीचीच. वाइनच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या अजिबात नकोत.