मागे ताकाहाशी, पुढे मात्सुतोमो: कोकणातल्या कोर्टवर जपानी दुहेरी

बॅडमिंटनची दुहेरी जपान्यांसारखी खेळायची, तर पार्टनर रोज बदलायचा नाही, हे पहिलं. रत्नागिरी काय नि वेंगुर्लं काय, संध्याकाळी हॉलवर जो आधी येईल तो पार्टनर! अयाका ताकाहाशी आणि मिसाकी मात्सुतोमो शाळेत एका वर्षाने पुढेमागे होत्या. तिथे जुळलेली जोडी पुढे एकाच कंपनीच्या संघात गेली आणि 2016 मध्ये रिओला तिने जपानला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. तुम्ही निदान एक पावसाळा तरी एकत्र काढा.

मग जागा. ताकाहाशी मागून स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरदार फटका, मारायची; मात्सुतोमो नेटवर फूल (शटल) संपवायची. सरावासाठी तिसऱ्याने पलीकडून 20 जुनी फुलं उंच लिफ्ट करत राहावं. मागच्याने सरळ किंवा मधोमध मारायचं. क्रॉस, म्हणजे तिरकं, मारलं आणि फूल सरळ परतलं, तर त्यालाच कोर्टभर तिरकं धावावं लागतं. पुढचा मात्र हमखास नेटला चिकटतो आणि सपाट ड्राइव्ह कानाजवळून निघून जातो. शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून 1.98 मीटरवर असते, तिच्या एक पाऊल मागे थांबा, रॅकेट छातीच्या वर. मान वळवून मागे बघू नका. पार्टनरने काय मारलंय ते समोरच्यांच्या हालचालीवरून कळतं, आणि वळलेल्या तोंडावर फूल बसतं ते वेगळंच.

फूल उंच लिफ्ट करावं लागलं की समोरचे स्मॅश मारणार, म्हणून लगेच शेजारी-शेजारी. लिफ्ट करणारा आपल्याच बाजूने मागे सरकतो, दुसरा उरलेली बाजू धरतो. मधलं फूल कुणाचं, ते आधीच ठरवा. स्मॅश मारणाऱ्याच्या तिरक्या बाजूला जो असेल त्याने घेतलेलं बरं, त्याच्या अंगावर थेट मारा कमी येतो.

आता आपली हवा. मे महिन्यात तापलेल्या हॉलमध्ये फूल लांब पळतं, म्हणून 77 ऐवजी 76 नंबरचा, म्हणजे जरा हळू फुलांचा, डबा घ्या. चाचणी सोपी आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारा, पलीकडच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर ठीक. पावसाळ्यात पिसं दमट होऊन फूल जड पडतं, डब्याचं झाकण घट्ट ठेवा. फरशीला घाम सुटतो तेव्हा प्रत्येक गेमनंतर कोरडं पुसणं आलंच. गुडघा मुरगळतो तो बहुतेक तिथेच, नेटकडे झेपावताना.

शेवटचा गेम 16-19 वरून सुरू करा, सर्व्हिस समोरच्यांची. 19 विषम, म्हणजे ती डावीकडून येणार. रिओच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या गेममध्ये डेन्मार्कविरुद्ध याच गुणांवर मागे असताना या दोघींनी सलग 5 गुण काढले होते. असे दहा गेम खेळा आणि किती वेळा पहिल्याच परतीला फूल उंच गेलं ते मोजा. निम्म्याहून जास्त वेळा गेलं, तर आठवडाभर स्मॅश बंद, फक्त सर्व्हिस आणि ती परतवणं.