रिसेप्शनला बॉक्स स्टेप करताय? मग ही तयारी आधी

नाशिकला गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर रिसेप्शन असेल आणि दोघांनी वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांवरचा जोडीचा नाच, करायचं ठरवलं असेल, तर मोबाइलवर नवनव्या स्टेप्स शोधणं आधी बंद करा. बॉक्स स्टेप, म्हणजे पावलांनी जमिनीवर काढलेला चौकोन, पुरते. फक्त ती पूर्ण दिसली पाहिजे.

गाणं तीन ठोक्यांचं निवडा, मिनिटाला 84 ते 90 ठोके पडतील असं. पूर्ण बॉक्सचे ठोके सहा, तीन पुढे जाताना आणि तीन मागे येताना, म्हणजे मोजणीला दादरा तालाचं एक आवर्तन. तबला कानावर असेल तर ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणत घरभर फिरा. आईबाबा हसले तर हसू द्या.

खरी मेहनत पायांवर. पहिल्या ठोक्याला पुढे जाणारं पाऊल टाचेवरून, गुडघा सैल. दुसऱ्याला बाजूला, चवड्यावर चढत. तिसऱ्याला मागे राहिलेला पाय पूर्ण जवळ आणायचा, वजन त्याच्यावर द्यायचं आणि ठोका संपता संपता खाली यायचं. हा तिसरा ठोका सगळे खाऊन टाकतात. पाय अर्धाच जुळतो, चौकोनाचा कोपरा जातो आणि नाच नुसता डुलण्यासारखा दिसतो. दोन बाय दोनच्या टाइल्सवर सराव करा. चौकोन एका टाइलबाहेर जाऊ देऊ नका. आधी गाण्याशिवाय, अगदी सावकाश.

नवऱ्याचा उजवा हात नवरीच्या पाठीवर, डाव्या खवाट्यावर, कमरेवर नाही. कोपरं पडू द्यायची नाहीत. दोघांनीही समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पाहायचं, पायांकडे मुळीच नाही. फोटोग्राफर ‘इकडे बघा’ म्हणणारच, त्याला आधीच बजावून ठेवा.

नवरीची सुरुवात मागच्या पावलाने होते, त्यामुळे घागऱ्याचा काठ टाचेखाली येतो. तेवढ्याच घेराचं काहीतरी नेसून आणि त्याच उंचीच्या सँडल घालून तालीम हवी. स्टेजवर कार्पेट असेल तर मऊ सुएडच्या, म्हणजे लव असलेल्या चामड्याच्या, तळाचे डान्स शूज त्यात अडकतात, दवाने भिजले तर खराबही होतात. तिथे गुळगुळीत चामडी तळाचे बूट बरे. मंडपवाल्याला कार्पेट ताणून ठोकायला सांगा. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पोटऱ्या आखडतात, म्हणून स्टेजमागे चवड्यांवर थोडा चढउतार करून घ्या. आणि डीजेला गाणं कापूनच द्या, नाहीतर लांबलचक सुरुवातीच्या सुरावटीत दोघं नुसते उभे राहाल.