जुन्या ट्रंकेत तिरंगा सापडला तर काय करायचं

गावच्या वाचनालयातली नाहीतर शाळेतली जुनी ट्रंक उघडली की कधीकधी तळाशी घडी घातलेला झेंडा निघतो आणि सगळे एकदम म्हणतात, किती मळलाय, धुवून इस्त्री करून फ्रेम करूया. प्लीज असं करू नका. जुन्या खादीचा रंग बऱ्याचदा कच्चा असतो, पाणी लागलं की केशरी आणि हिरवा पांढऱ्या पट्ट्यात उतरतो आणि तो मग निघता निघत नाही, शिवाय जीर्ण कापड इस्त्रीखाली घडीवरच तुटतं.

आधी वय बघा. मधे चरखा असेल तर तो बहुधा स्वातंत्र्यलढ्यातला झेंडा, केशरी-पांढरा-हिरवा हे रूप काँग्रेसने १९३१ मध्ये स्वीकारलं. अशोकचक्र असेल तर २२ जुलै १९४७ नंतरचा, त्या दिवशी संविधान सभेने ठराव केला. ध्वजसंहिता सांगते की फाटलेला ध्वज लावू नये, खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने पूर्ण नष्ट करावा. हे वाचून कुणीतरी घाईघाईने जुना झेंडाही जाळून टाकेल ही मला खरी भीती वाटते. वय कळेपर्यंत कुणालाही काडी लावू देऊ नका.

हात धुवून कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढा, टेबलावर स्वच्छ चादर अंथरून झेंडा त्यावर सावकाश उलगडा, घडी अडली तर ओढायचं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. धूळ मऊ ब्रशने, अगदी हलक्या हाताने. टाचण्या गंजलेल्या असतील तर काढा, पण सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन काहीच नको, आणि डांबरगोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला थेट कापडावर टाकू नका, डाग पडतात.

परत घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी खळ काढलेली, दोनदा धुतलेली मलमल गुंडाळा, मग झेंडा सैलसर गुंडाळा, चरखा रंगवलेला असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, आणि वरून परत मलमल. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते, म्हणून ती नको. भिंतीवर कायमचा लावायचा मोह होतो, पण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, वर्षातून दोन-चार दिवस मंद उजेडात, सपाट ठेवून दाखवा, तेवढं पुरे. चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज म्युझियममध्ये १५ ऑगस्ट १९४७ चा रेशमी तिरंगा आहे, जमलं तर तो जाऊन बघा, जपणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

आणि सगळ्यात आधी करायचं काम मी शेवटी सांगतेय, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हा कुणी शिवला, कुठल्या प्रभातफेरीत होता, ट्रंक कुणाच्या घरून आली, ते मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वहीत तारखेसकट लिहा, "म्हणतात" आणि "स्वतः पाहिलंय" हे वेगळं वेगळं. झेंड्याला ओळखीचा नंबर द्यायचा असेल तर तो कापडावर पेनने नाही, सुती फितीवर पेन्सिलीने लिहून फीत नळीला बांधा.

पावसाळ्यात गुंडाळी उघडू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडून कसर लागलीय का ते बघा.