मोझॅकचं टेबल घरी करताना या चुका टाळा

आजीची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, तेव्हा आईने तिचे तुकडे टाकू दिले नाहीत. बाथरूमच्या कामातून उरलेल्या टाइल्स माळ्यावर होत्याच. त्या सगळ्यातून आम्ही मायलेकींनी बाल्कनीसाठी 60 सेंटिमीटरचं मोझॅकचं, म्हणजे तुकडे चिकटवून नक्षी केलेलं, गोल टेबल केलं, तेही दोनदा, कारण पहिलं एका पावसाळ्यातच उखडलं.

ते उखडलं प्लायमुळे. घरात पडलेला साधा प्लाय आम्ही वापरला. तो ओल खाऊन फुगला आणि कडेचे तुकडे एकेक करून सुटले. बाल्कनीत ठेवायचं असेल तर मरीन प्लायच घ्या, त्यावर आयएस 710 हा शिक्का असतो. जाडी 18 मिलिमीटर. पातळ प्लाय वाकतो, सिमेंटला वाक सोसत नाही, मग तुकड्यांमधल्या दरजांमध्ये केसासारख्या चिरा पडतात. वरून काम सुंदर झालं म्हणून खालची बाजू आणि कडा कोऱ्या ठेवू नका. तिथे व्हार्निशचे दोन हात द्या, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. जुन्या टेबलावर सनमायका असेल तर तो काढा, निदान पॉलिश पेपरने खरखरीत तरी करा. एवढ्या गोलाला नेहमीच्या 8 मिलिमीटर टाइल्सचं वजन चार-पाच किलो होतं, तेव्हा पाय लटपटत असतील तर आधी ते पक्के करून घ्या.

सुतारकामाचा पांढरा गम इथे नको. सतत ओल लागली की तो मऊ पडतो. पॉलिमर असलेलं टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा सिमेंटचा मसाला, घ्या आणि ते लाकडावर चालतं का, हे पाकिटावर वाचून घ्या.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. गच्चीवर गवंडी फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करतो, तिथे एखादा तुकडा वर-खाली झाला तरी चालतो. टेबलावर मात्र चहाचा कप डुगडुगतो आणि टोकदार कड मनगटाला लागते. बाथरूमची टाइल, कपाची बशी, बरणी, प्रत्येकाची जाडी वेगळी. पातळ तुकड्याखाली ॲडहेसिव्हचा थर वाढवा, सपाट फळी वरून फिरवून बघा, उंच तुकडा ओला असतानाच दाबा. बरणीचा प्रश्न याहून अवघड, कारण ती गोलाईची. मी तिचा तळहाताएवढा तुकडा बसवला, तर तो पाळण्यासारखा झुलायला लागला. आई म्हणाली, “अगं, बारीक कर की!” दोन सेंटिमीटरचे तुकडे केले आणि गोलाई जाणवेनाशी झाली. तुकडे करताना टाइल जुन्या टॉवेलात गुंडाळून मगच हातोडी मारा. चष्मा दोघींनीही लावायचा, शेजारी बसून बघणारीनेसुद्धा.

नक्षीवरून वाद होणारच. आईला मधोमध कमळ हवं होतं, मला नुसते निळ्याचे फेर. वाद कोरड्या मांडणीवरच मिटवा. वर्तमानपत्रावर टेबलाच्या मापाचा गोल काढून त्यात तुकडे मांडा, फोटो काढा, एक रात्र तसंच राहू द्या. ॲडहेसिव्ह पसरल्यावर 15-20 मिनिटांत वर साय धरते आणि मग तुकडा नीट चिकटत नाही. म्हणून एका वेळी हातभरच जागा भरा. दोन तुकड्यांत 2 ते 3 मिलिमीटर जागा सोडा. तुकडे एकमेकांना खेटले तर ग्राउट, म्हणजे दरजा भरायचा सिमेंटचा मसाला, आत उतरणार कसा?

ग्राउट दुसऱ्या दिवशी, घाई नको. पाणी थोडं थोडं घालत तो श्रीखंडासारखा घट्ट करा. पातळ ग्राउट भरायला सोपा वाटतो, पण वाळल्यावर भुसभुशीत होतो. हातात रबरी मोजे घाला, सिमेंट कातडी खातं. रबरी पट्टीने तिरका ओढत दरजा भरा, 15-20 मिनिटं थांबा, मग घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंज ओला असेल तर भरलेला ग्राउटच निघून येतो. नंतर पांढुरकी झाक राहते, ती कोरड्या सुती कापडाने घासली की जाते. तिच्यावर बाथरूमचं ॲसिड मुळीच ओतू नका. ते झाकेबरोबर दरजाही खातं. बरणीच्या तुकड्यांची फुटलेली कड खरबरीत असते, तिथे ग्राउट मुरून डाग राहतो. ग्राउट भरायच्या आधी त्या कडांवर ब्रशने सीलर, म्हणजे ओल आत मुरू न देणारा द्रव, लावला तर हा त्रास वाचतो. उन्हाळ्यात काम करत असाल तर दोन-तीन दिवस पाण्याचा हलका फवारा मारत राहा, गवंडी भिंतीला पाणी मारतो तसाच.

पांढरा ग्राउट मोहात पाडतो. पण आपल्याकडे टेबलावर हळद सांडणारच, आणि पांढऱ्या दरजेत ती पिवळी होऊन बसते. राखाडी घ्या, पूर्ण वाळल्यावर सीलर लावा. तरीही डाग पडलाच तर पुसून टेबल दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. आमचा पोह्यांचा डाग असाच गेला.