ठाणे खाडीचं सॉफ्टवेअर वर्गाकडून कसं करून घ्यायचं

ठाणे खाडीच्या कांदळवनाचा किंवा हवेचा डेटा नकाशावर आणि आलेखात दाखवणारं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं आहे. साठ जणांच्या वर्गाचे पंधरा गट पाडून प्रत्येकाला तोच विषय दिला, तर सेमिस्टरअखेर पंधरा अर्धवट सॉफ्टवेअर हातात येतात. सॉफ्टवेअर एकच ठेवा आणि भाग वाटून द्या: डेटा आणणं, तो साफ करणं, साठवणं, नकाशा, आलेख, तपासणी. महत्त्वाच्या भागावर दोन-दोन गट ठेवले तर एक गट ढेपाळला तरी काम अडत नाही.

पहिले दोन आठवडे कोडला हात लावायचा नाही. प्रश्न ठरवायचा, तोही मोजता येईल असा. 'प्रदूषण दाखवा' हा प्रश्न नव्हे. 'ऐरोली ते वाशी पट्ट्यात कांदळवनाची कड २०१८ पासून कुठे सरकली?' हा आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची दृश्यं फुकट मिळतात आणि लाल व नजीक-अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांत एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, जमिनीवर १० मीटरचा असतो. पावसाळ्यात ढगांमुळे ती क्वचितच कामाची, म्हणून नोव्हेंबर ते मेची घ्या. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी भरती की ओहोटी हे दर खेपेला बदलतं. ओहोटीला उघडा पडलेला चिखल भरतीच्या चित्रात पाण्याखाली असतो. भरतीचं कोष्टक पाहून सारख्या पातळीची दृश्यं जुळवली नाहीत, तर कड सरकल्याचा भास होतो. क्षेत्रफळ काढताना अंशांत मोजू नका, यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत रूपांतर करा.

तिसऱ्या आठवड्यात डेटा कोणत्या रूपात द्यायचा याचा सगळ्या गटांमधला एक पानाचा करार लिहा: स्तंभांची नावं, एकके, वेळ, अक्षांश-रेखांशाचा क्रम, आकडा नसेल तर काय लिहायचं. सोबत वीस ओळींची नमुना फाइल द्या, म्हणजे नकाशाचा गट डेटाच्या गटाची वाट बघत बसणार नाही. हा कागद टाळला की हमखास घोटाळा होतो. जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये रेखांश आधी येतो, तर लीफलेट या वेबवर नकाशा दाखवणाऱ्या साधनात अक्षांश. वाशीचे ७२.९९ आणि १९.०७ उलटे पडले की ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. नकाशा कोरा दिसतो आणि पोरं दोन दिवस सर्व्हर तपासत बसतात. दुसरी चूक वेळेची: यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) तशीच ठेवली, तर सकाळी नऊच्या गर्दीचा धूर पहाटे साडेतीनला दिसतो.

हवेचा भाग घेणार असाल तर रंग आपोआप ठरू देऊ नका. त्या दिवसाच्या कमाल आकड्यावरून रंग काढले की आजचा हिरवा उद्याच्या हिरव्याशी जुळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एक्यूआयचे (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे) सहा वर्ग, ०–५० पासून ४०१–५०० पर्यंत, तसेच वापरा. किमान तीन प्रदूषक, त्यांपैकी एक पीएम २.५ किंवा पीएम १० (हवेतले सूक्ष्म धूलिकण), आणि किमान १६ तासांचा डेटा नसेल तर त्या दिवसाचा रंग राखाडी ठेवा. शून्य लिहिणं म्हणजे हवा स्वच्छ होती असं खोटं सांगणं.

चौथ्या आठवड्यात एक ठिपका डेटापासून पडद्यापर्यंत सगळ्या साखळीतून गेलाच पाहिजे, मग तो कितीही ओबडधोबड असो. जोडणी शेवटच्या आठवड्यावर टाकली की वायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री सगळं मोडतं. दहाव्या आठवड्यानंतर नवीन काही घ्यायचं नाही.

कोड विभागाच्या खात्यावर ठेवा, विद्यार्थ्याच्या नको. तो पास होऊन गेला की पासवर्डही जातो. गुणांपैकी निदान पाचवा भाग हस्तांतरासाठी राखा: दुसऱ्या गटाने फक्त लिखित सूचना वाचून, कोऱ्या लॅपटॉपवर, तासाभरात सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं. जिथे अडतील ती ओळ त्याच दिवशी सुधारून घ्या, कारण पुढच्या जुलैला नवी बॅच तिथूनच सुरुवात करणार आहे.